वाकड्या शिंगाचा बैल आणि गुळाचा खडा

घरात आम्ही हिंदी बोलत आलो. बैलाशी मात्र मी मराठीत बोलायचो. बायको हसायची, म्हणायची, "बैल को क्या फरक पडता, मराठी क्या और हिंदी क्या." मला ते पटायचं नाही. बैल शेतकऱ्याच्या गोठ्यातून यायचे, वासरू असल्यापासून त्यांच्या कानावर मराठी पडलेली. ज्याला आता पाय बांधून जमिनीवर लोळवायचं आहे, त्याच्याशी निदान त्याच्या घरच्या भाषेत बोलावं, एवढी रीत पाळायला माझं काही जात नव्हतं.

मी नालबंद. म्हणजे होतो. पांढरकवड्यात मोठ्या रस्त्याला लागून एका कडुलिंबाखाली माझी जागा होती. आधी तिथे वडील बसायचे, नंतर मी. बैलाच्या खुराला लोखंडी नाल ठोकायचे, हे आमचं काम. घोडा उभ्यानं नाल मारू देतो, बैल नाही देत. त्याला दोरानं पाडावं लागतं, चारी पाय एकत्र बांधावे लागतात, एकजण शिंगं धरून डोकं दाबून बसतो. मग खूर तासायचा, नाल बसवायचा आणि एकेक खिळा मारायचा. खिळा खुराच्या कडेच्या जाड भागातून तिरपा बाहेर निघाला पाहिजे. तिथे दुखत नाही, आपलं नख कापल्यावर दुखत नाही तसंच. पण जरा आत गेला की जिवंत मांस. दोन्हींतलं अंतर तांदळाच्या दाण्याएवढं.

वडिलांनी एक नियम घालून दिला होता. काम झालं, दोर सोडला, बैल उठून अंग झाडून उभा राहिला, की त्याच्यासमोर तळहातावर गुळाचा खडा धरायचा. त्यानं खडा घेतला तर काम पुरं. नाही घेतला तर तसंच उभं राहायचं. तो घेईपर्यंत पुढच्या बैलाला हात लावायचा नाही. मी एकदा कुरकुर केली तेव्हा वडील म्हणाले, "रूठा है तो रूठने दो. उसका हक है. तुम रुको."

बहुतेक बैल लगेच गूळ घेत. बैलाला राग फार वेळ सांभाळता येत नाही, त्या बाबतीत तो माझ्यापेक्षा बरा. काही मात्र मालकाच्या दोन बिड्या संपेपर्यंत तोंड फिरवून उभे राहत आणि मागचे लोक चिडत. "भाई, बैलाले नाल मारून राह्यला का जावयाले मनवून राह्यला?" असं म्हणत. मी हसून सोडून द्यायचो. हसायला तेव्हा वेळ असायचा.

ज्या वर्षांबद्दल लिहितो आहे ती कापसाची वाईट वर्षं. बोंडअळी, फवारण्या, पडलेला भाव. पेपरवाले आणि टीव्हीवाले आमच्याच रस्त्यानं गाड्या घेऊन खेड्याखेड्यांत जायचे आणि उतरलेली तोंडं घेऊन परत यायचे. माणसांचं दुःखच इतकं होतं की बैलाचं कोणी विचारलं नाही, त्यात मी कोणाला दोष देत नाही. तरीही जो काही कापूस व्हायचा तो बाजारात न्यावाच लागे. जिनिंगच्या कारखान्यापुढे गाड्यांची ही लांब रांग लागे. लादलेली गाडी डांबरावरून ओढताना खूर झिजून रक्त येतं, म्हणून नाल. कधीकधी हातोडी उचलताना मनात यायचं, रस्ता माणसाचा, कापूस माणसाचा आणि खिळा याच्या पायात. पण नाल न मारावा तर त्याचेच हाल. हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही आणि आज म्हातारपणीही सुटलेलं नाही.

थंडीतली सकाळ होती. माझ्यासमोर सात-आठ गाड्या सुटलेल्या आणि सगळ्यांनाच घाई. केळापूरकडच्या एका खेड्यातला शेतकरी त्याची जोडी घेऊन आला होता. वयानं माझ्याएवढाच, कमी बोलणारा, दरवर्षी माझ्याकडेच येणारा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला भाई. त्याच्या जोडीतल्या एका बैलाचं डावं शिंग आत वळलेलं होतं. पांढरा, उंच, जरा शिष्ट. नाल मारायला आणला की आधी माझ्याकडे असं बघायचा, जणू मीच त्याच्याकडे काही मागायला आलो आहे. मला तो आवडायचा.

त्याचा उजवा पुढचा पाय चालू होता. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आटपा ना भाई, जिनिंगचा वजनकाटा बंद होऊन जाईन तिकडं!" मला राग आला. मी मान वळवून त्याला दोन शब्द सुनावले. मान वळली, पण हात थांबला नाही.

खिळा बरोबर जातो तेव्हा कोरडा आवाज येतो. हा आवाज कोरडा नव्हता. बैलाचं सगळं अंग एकदम ताठ झालं आणि नंतर सैल पडलं. तो ओरडला नाही.

मला कळलं होतं. इथे खोटं लिहायला बसलो नाही, मला त्याच क्षणी कळलं होतं. खिळा उपसून काढता आला असता. पण रक्त आलं असतं, एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करावी लागली असती, वेळ गेला असता. निसटता लागला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि उरलेले खिळे मारले. बैल उठला. मी गूळ धरला. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी थोडा थांबलो. रांग ओरडतच होती. शेवटी मी तो खडा भाऊंच्या हातात दिला आणि म्हटलं, "घरी गेल्यावर चारा याले." मग रांगेकडे वळून म्हटलं, "पुढचा बैल आणा."

वडिलांचा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

आठवड्यानं भाऊ परत आले, गाडीशिवाय. वाकड्या शिंगाचा त्यांच्या मागून तीन पायांवर येत होता. उजवा पाय टेकायचा आणि लगेच उचलायचा. खेड्यापासून इथवर त्याला यायला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. भाऊ म्हणाले, "रस्त्यावरचा गोटा घुसला वाटते नालात. पाहा बरं, भाई."

मी खाली बसलो. त्याला हलकेच पाडला, नाल सैल केला, खिळे काढले. दोन खिळे कोरडे निघाले. तिसऱ्यासोबत पू आला. मी तो खिळा मुठीत धरला आणि मूठ बंद केली.

"काय होतं?"

"गोटाच होता," मी म्हणालो.

भाऊ बैलाजवळ बसले. बैलाच्या गळ्याला हात लावून म्हणाले, "मले मालूमच नाही, बाप्पा. चालतानी मागं पडे तं मी काठी हाणली याले. पाठीवर हाणली, भाई. याले दुखत होतं अन् मी म्हणून राह्यलो होतो का हा आळशी झाला." आणि ते रडायला लागले. त्या वर्षी त्यांचं अर्धं शेत अळीनं खाल्लं होतं. त्याबद्दल बोलताना मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून म्हणाले, "आता गाडीले नाही लागत हा. व्यापारी दोनदा येऊन गेला घरी. म्हणते, लंगडा बैल ठेवून काय करसान." बैलबाजारातून लंगडा बैल कुठे जातो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सगळा जन्म मी बैलांच्याच पायाशी बसलो होतो.

मुठीतला खिळा टोचत होता. माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन रडत होता आणि बैल माझ्या चुकीसाठी जाणार होता. मी मूठ उघडली.

"भाऊ, गोटा नव्हता. हा माझा खिळा हाय. मारला तेव्हाच मले समजलं होतं."

मी सगळं सांगितलं. मागच्या माणसाशी भांडलो ते, आवाज ऐकला ते, गूळ त्यानं घेतला नाही तरी पुढचा बैल पाडला ते. शिव्या खायची माझी तयारी होती. दोन थपडाही चालल्या असत्या. भाऊंनी खिळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "काहून सांगितलं? मले कुठं कळत होतं."

"तुमी सोताले दोष देऊन राह्यले होते."

त्यांनी खिळा माझ्या हातावर परत ठेवला. मग म्हणाले, "जाऊ द्या. होते चूक. मी माफ केलं, भाई."

मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, बैल विकू नका, पाय बरा होईपर्यंत माझ्याकडे ठेवा. ते कबूल झाले. शेजाऱ्याचा एक बैल जोडीला घेऊन गाडी चालवीन म्हणाले.

दुपारी वाकड्या शिंगाच्या बैलाला हळूहळू चालवत मी घरी आणला आणि अंगणात बांधला. बायको ओसरीवर सुपात तूरडाळ निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. भाऊंनी माफ केलं, हे जरा खुशीतच सांगितलं. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "भाऊ ने माफ किया, अच्छा किया. मगर कील भाऊ के पाँव में थोडीच गई थी?"

आणि डाळ निवडत राहिली.

आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलो, माणसाचा अपराध केला तर आधी त्या माणसाकडून माफी मिळवावी लागते. तो माफ करीपर्यंत वरचाही करत नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर नेहमी माणूसच यायचा. शेजारी, सोयरा, गिऱ्हाईक. त्या दुपारी पहिल्यांदा बैल आला. मालक त्याच्यासाठी गवत कापतो, त्याला विकू शकतो, पण त्याच्या दुखण्याची माफी मालक कशी देणार? आणि वडील रोज तळहातावर गूळ धरून कशासाठी उभे राहायचे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. मी त्याला इतकी वर्षं लाड समजत होतो.

मी हातोडी खुंटीला अडकवली. ठरवलं, हा गूळ घेईल तेव्हाच खाली काढायची.

रोज सकाळ-संध्याकाळ घमेल्यात मिठाचं कोमट पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला. त्यात खूर बुडवायचा, पू धुवायचा, हळद-तेल भरायचं आणि वरून जुन्या कपड्याची घडी ठेवून पोत्याचा तुकडा बांधायचा. सुरुवातीला तो मला जवळ येऊ देईना. एकदा शिंग असं फिरवलं की सदरा बगलेपासून फाटला. बायकोच्या हातून मात्र सगळं खायचा. भूस-कुटार, भाकरी, गूळसुद्धा. तिच्या हातचा गूळ चाटूनपुसून घ्यायचा आणि मी खडा पुढे केला की मान तिकडे. मला वाटलं, माझ्या हाताला लोखंडाचा वास येतो. मी दोनदोनदा अंघोळ करून, हात राखेनं घासून त्याच्यापुढे उभा राहू लागलो. बायको म्हणाली, "ईद को भी इत्ता नहीं नहाते तुम."

गिऱ्हाईकं यायची. मी सांगायचो, काम बंद आहे, एक बैल रुसला आहे. काहींना वाटलं थट्टा करतो, काहींना वाटलं डोकं फिरलं. "नालबंद बैलाची परवानगी मागून राह्यला," असं चहाच्या टपरीवर चालायचं. मी सायकलींचे पंक्चर काढायला आणि विळ्यांना धार लावायला सुरुवात केली. बायकोनं याबद्दल एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिच्याच बोलण्यानं मी इथवर आलो होतो, हे तिला माहीत असावं.

बाजाराच्या दिवशी भाऊ यायचे. माझ्याशी चार शब्द बोलून बैलाजवळ जाऊन बसायचे. त्याच्या अंगावरचे गोचीड काढत काढत त्याला शेतातलं सगळं सांगायचे. वखर सुरू केला, विहिरीचं पाणी खाली गेलं, तुझा जोडीदार शेजाऱ्याच्या बैलासोबत नीट चालत नाही. बैल कान हलवत ऐकायचा. मी घरात बसून ऐकायचो आणि मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

एका महिन्याचे तीन महिने झाले. जखम भरत आली. आणि एक दिवस मी घमेलं घेऊन अंगणात आलो तर त्यानं मला पाहून आपणहून पाय उचलला. उचलला आणि मी खाली बसेपर्यंत तसाच धरून ठेवला. त्यानंतर रोज तसंच. घमेलं दिसलं की पाय वर. गूळ मात्र नाही तो नाहीच.

पेरणीच्या आधी तो चारी पायांवर सरळ चालत घरी गेला. निघताना मी खडा धरला, त्यानं मान वळवली. भाऊ ओशाळले. म्हणाले, "द्या माह्याजवळ, मी चारतो तुमच्या नावानं." मी म्हटलं, "नाही भाऊ, मंग तो तुमचाच होईन."

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्याला जेवायला बोलावतात. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं त्याच्या कानाशी म्हणतात. पोळा फुटल्यावर बैल ओळखीच्या घरोघरी नेतात, तिथली बाई त्यांचे पाय धुते, घास देते. त्या वर्षी भाऊ जोडी घेऊन खेड्यावरून आमच्या दारात आले. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. वाकडं शिंग तांबडं रंगवल्यानं आणखी वाकडं दिसत होतं. आमच्या गल्लीत पोळ्याचे बैल कधी आले नव्हते. शेजारीपाजारी जमले. बायकोनं पाय धुतले, सुपातून पुरणपोळी पुढे केली. ती तिनं सकाळी पहिल्यांदाच करून पाहिली होती आणि बैलानं ती काही खोडी न काढता खाल्ली.

मग मी गूळ घेऊन पुढे झालो. सगळे बघत होते. त्यानं वास घेतला, मान बाजूला केली. कोणीतरी हसलं. मी मागे सरणार, तेवढ्यात त्यानं उजवा पाय उचलला. उचलून माझ्याकडे धरला आणि थांबला.

मी खाली बसलो आणि तो पाय दोन्ही हातांत घेतला. खूर भरून आला होता, कडेला एक खाच राहिली होती. माझ्या हातातला गूळ धुळीत पडला, तो त्याच्या जोडीदारानं लगेच खाऊन टाकला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मागून बायको म्हणाली, "गरम पानी लाऊँ क्या?" आणि ती स्वतःही पदरानं नाक पुसत होती.

त्यानं माफ केलं, असं मी म्हणणार नाही. सवयीनंही पाय दिला असेल. पण याच हातानं खिळा मारला होता, हे विसरण्याइतका बैल वेडा नसतो. ते ठाऊक असून त्यानं पाय दिला, एवढंच मला माहीत आहे.

थंडीत पुन्हा कापूस निघाला. एका सकाळी भाऊ जोडी घेऊन कडुलिंबाखाली उभे. मी पंक्चर काढत होतो. म्हणाले, "नाल मारून द्या, भाई."

"माह्याच्यानं नाही होत. दुसऱ्याकडं न्या."

"दुसरा याले पाडीन. हा आता पाडू देत नाही कोणाले." मग हळूच म्हणाले, "मागच्या हप्त्यात अनवाणी नेला तं रक्त आलं. रस्ता तर तोच हाय."

मी खूर पाहिला. खरंच झिजला होता. मी घरी जाऊन खुंटीवरची हातोडी काढून आणली. दोर आणला नाही.

त्याच्या समोर उभा राहून मी त्याला मराठीत सांगितलं, "पाय दे. खिळे मारतो. दुखलं तं पाय ओढ, मी थांबीन." भाऊंना म्हटलं, एक अक्षर बोलू नका. मी बसलो, हात पुढे केला. बराच वेळ काही झालं नाही. रस्त्यावरून कापसानं लादलेले टेम्पो जात होते. मग त्यानं पाय उचलला.

मी एकेक खिळा कान लावून मारला. प्रत्येक आवाज कोरडा निघाला. डावा पायही त्यानं दिला, जरा मानपान करून. मागचे पाय मी राहू दिले. भाऊही म्हणाले, चालते एवढं. माझा सदरा थंडीतही पाठीला चिकटला होता.

उठलो, खिशातला खडा काढला, तळहातावर धरला. त्यानं वास घेतला. मान तिकडे केली. मी उभा राहिलो. भाऊंनी एक बिडी पेटवली, ती संपली. मी उभाच. वडील म्हणायचे तसा थांबलो होतो, आणि खरं सांगतो, मला कुठेही जायचं नव्हतं.

मग त्याची खरखरीत जीभ माझ्या तळहातावरून फिरली. एकदा, आणि गूळ संपल्यावर पुन्हा एकदा.

मागे रांग नव्हती. पूर्वी असायची तशी ती आता कधीच लागणार नव्हती, टेम्पो आले होते. फक्त त्याचा जोडीदार मागे उभा होता, आणि त्याला दोरानं पाडावंच लागणार होतं. मी हात सदऱ्याला पुसला, दोरासाठी घराकडे निघता निघता भाऊंना म्हटलं, "पुढचा बैल आणा."